फ्रेम आकसत नसते

१९७४ साली बारकीचं दृष्टितपासणीच्या अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष संपलं आणि ती मोठ्या सुट्टीला घरी आली, तेव्हा बाबांच्या चष्म्याच्या दुकानामागे एक अंधारी खोली बांधून होत आली होती. ती खोली तिच्यासाठी होती. अजून एक वर्ष, मग बारकी शिकून येणार, त्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासणार, नंबर काढणार आणि बाहेर बाबा फ्रेमा बसवणार, असं घरात ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे कुणाला सांगता आलं नसतं. थोरला भाऊ जहाजावर नोकरीला लागला होता, ताई सासरी होती. दुकानाला उरली ती बारकी.

खोली लांबीला अपुरी होती. अक्षरांचा तक्ता डोळ्यांपासून जितका दूर हवा तितकी भिंतच मागे नव्हती. म्हणून बाबांनी उलट्या अक्षरांचा तक्ता मागवला होता. तो माणसाच्या डोक्यामागे टांगायचा आणि समोर आरसा लावायचा, म्हणजे आरशात अक्षरं सुलटी होतात आणि खोली दुप्पट लांब होते. या युक्तीचं बाबांना इतकं कौतुक होतं, की गिऱ्हाईक चष्म्याची दोरी घ्यायला आलं तरी ते त्याला आत नेऊन आरसा दाखवत.

"आरसा चांगलाय," आत्या म्हणायची. "तपासायला कुणी येईपर्यंत माझ्या केसांना कामाला येतोय."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बारकीची आई लवकर गेली, तेव्हापासून घर आणि गल्ला दोन्ही आत्याच्या हातात. तिची जीभ तिखट होती आणि नजर त्याहून. गिऱ्हाईक दारातून आत येता येता ते फ्रेम घेणार की नुसतं बघून जाणार हे ती सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

बाबा शिकलेले नव्हते. आजोबांच्या हाताखाली बसून ते फ्रेम बसवायला शिकले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. शेगडीवर बारीक वाळूची परात असायची. तिच्यात चष्म्याची काडी खुपसायची, नरम झाली की बाहेर काढून कानामागचा बाक अंगठ्याने वळवायचा, पुन्हा माणसाच्या कानावर ठेवून बघायचा. "चष्मा नाकावर आहे हे माणूस विसरला पाहिजे," ते म्हणत. "आठवला, तर माझा हात चुकला."

बारकीला ते सगळं आवडायचं. गरम वाळूचा वास, काच घासण्याच्या चाकाची घरघर, नवा चष्मा लावून दारात उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा. समोरच्या झाडाला पानं आहेत हे कुणाला तरी पहिल्यांदाच कळायचं आणि तो बाबांकडे असा बघायचा, जणू पानं त्यांनीच लावलीत. ती संस्थेत गेली ती खुशीत. तिकडेही चांगली रमली. फक्त एका ठिकाणी तिचं घोडं अडलं.

संस्थेतल्या सरांकडे लाकडाचा एक मोठा डोळा होता. नारळाएवढा. त्याची झाकणं उघडली की आत बुबुळ, भिंग, पडदा, सगळं रंगवलेलं; आणि मागे बोटभर लाकडी शेपटी, ती डोळ्याची नस. ती शेपटी एका पितळी स्टँडमध्ये खोचलेली असायची. सर टक्कल पडलेले, शांत, कधी आवाज न चढवणारे. पहिल्याच महिन्यात बारकीने विचारलं होतं, "सर, या नसेच्या मागे काय?"

सरांनी डोळा उचलून पाहिला. "मागे स्टँड आहे," ते म्हणाले.

वर्ग हसला. सरही थोडं हसले, मग म्हणाले, "मागचं सगळं डॉक्टरांचं. आपलं काम पडद्यापर्यंत. पडद्यावर चित्र नीट उमटतंय की नाही ते आपण बघायचं. नीट उमटत असूनही माणसाला दिसत नसेल, तर त्याला पुढे पाठवायचं."

"पाठवायचं म्हणजे पुढे काय होतं?"

"पुढे तो जातो," सर म्हणाले.

त्या दिवसापासून तिचं नाव 'मागे-काय' पडलं. वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी मुलगी, जिला सगळे सुतळी म्हणत, ती तर सकाळी तिला उठवताना म्हणायची, "मागे-काय, ऊठ, तुझ्या मागे उशी आहे." सुतळी म्हणजे उंच, काटकुळी, आणि त्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिला मागचं काही नको होतं. पडद्यापर्यंतचं जगच तिला पुरून उरत होतं. कुठल्याही डोळ्यात उजेडाची तिरीप टाकून ती सरांच्या आधी नंबर सांगायची. तिच्या घरी चष्म्याचं दुकान नव्हतं, कसलंच दुकान नव्हतं. शिकून झाल्यावर कुठल्या तरी दवाखान्यात कोपऱ्यातली खुर्ची मिळेल, एवढीच तिची आशा होती.

तर त्या सुट्टीत बारकी घरी आली. दुसऱ्याच दिवशी शेजारचे घड्याळकाका दुकानात शिरले.

त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं. बारकीच्या लहानपणी ते तिला मांडीवर बसवून घड्याळाचं झाकण उघडून दाखवायचे. बाबांचे ते जिवलग. रोज दुपारी दोघे बुद्धिबळ मांडत आणि रोज भांडत. बारकी त्यांना पाहून उठली, हसली, आणि हसता हसता क्षणभर थबकली. काका तेच होते. पण कुणी तरी त्यांचं चित्र पुन्हा काढावं आणि पेन्सिल जाड घ्यावी, तसं काही तरी झालं होतं. दहा महिन्यांत माणूस जरा सुटतो, असं म्हणून तिने ते मनातून काढून टाकलं.

"पुन्हा आवळतोय," काका चष्मा काढत बाबांना म्हणाले. कपाळाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते.

"मागच्या महिन्यात तर सैल करून दिला."

"मग वाळू बदल तुझी."

"वाळूला काय होतंय? डोकं चढलंय तुझं. बुद्धिबळात दोन डाव जिंकलास म्हणून."

बाबांनी परातीत काड्या खुपसल्या. आत्या गल्ल्यावरून म्हणाली, "ही चौथी वेळ. आता पुढच्या वेळी काड्या संपतील आणि दोरी बांधायला लागेल."

"आणि नंबरही बघा एकदा," काका खुर्चीत टेकत म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "बारीक स्क्रू हातात राहत नाही. परवा एका बाईचं मनगटी घड्याळ उघडलं आणि चिमट्यातून चाक उडालं. अख्खी दुपार जमिनीवर रांगलो."

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "बारके," ते म्हणाले, "घे आत. बोहनी होऊन जाऊ दे खोलीची."

खोलीला अजून रंग लागला नव्हता. बारकीने काकांना स्टुलावर बसवलं, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत गेली. "हे बरं की हे बरं?" काका आरशात बघून अक्षरं वाचत होते. शेवटची, मुंगीएवढी ओळ त्यांनी न अडखळता वाचली. जुन्याच नंबराने.

"नंबर बरोबर आहे, काका."

"मग स्क्रू का निसटतो?"

"स्क्रू दिसतो का?"

"दिसतो की. चांगला दिसतो." काका विचारात पडले. "दिसतो, पण बोटांत मावत नाही."

त्यांनी हात पुढे केला. बारकीने तो हातात घेतला. लहानपणी घड्याळाचं झाकण उघडणारी ती निमुळती बोटं तिला आठवत होती. ही बोटं गाजरासारखी जाड झाली होती.

तेवढ्यात आत्याने चहा आणून काकांच्या उजव्या हाताशी ठेवला. काका बोलता बोलता वळले आणि कप कोपराने खाली गेला.

"हे हल्ली रोजचं," आत्या फडकं आणायला वळत म्हणाली. "आमचे तीन कप फोडलेत. त्याच्या घरचे किती, देव जाणे."

बारकी तशीच उभी राहिली. माणसाला शेवटची ओळ वाचता येते, आणि हाताशी ठेवलेला कप दिसत नाही. तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. कुलपात किल्ली फिरते आणि आत काही तरी हलल्याचं हाताला कळतं, तसा.

"काका, जरा माझ्यासमोर बसा. एक डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. नाकावरून नजर हलवायची नाही. बाजूने बोट हललेलं दिसलं की सांगा."

हे तिला संस्थेत शिकवलं होतं. एकमेकींवर करून त्या खूप हसल्या होत्या, कारण सुतळीचं नाक बघून गंभीर राहणं कुणाला जमायचं नाही. आता तिने हात लांब केला आणि काकांच्या उजव्या कानाच्या बाजूने बोट हळूहळू आत आणत गेली. काका गप्प. बोट गालाच्या पुढे आलं. काका गप्प. जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ते म्हणाले, "हां, आत्ता." तिने दुसरा डोळा घेतला. डाव्या बाजूने तसंच. दोन्ही डोळ्यांचा बाहेरचा अर्धा भाग कुणी तरी पडदा ओढून घेतल्यासारखा गेला होता, आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता.

ती काकांना घेऊन बाहेर आली. बाबा अजून काडी वळवत होते.

"बाबा, काकांचा जुना चष्मा आहे का हो आपल्याकडे?"

दुकानात मोडक्या-जुन्या चष्म्यांचं एक खोकं असायचं. गिऱ्हाइकाने टाकून दिलेली फ्रेम बाबा टाकत नसत. एखादा स्क्रू, एखादं बिजागर कधी ना कधी लागतं. आत्याने ते पुढ्यात ओतलं. बाबांनी ढिगातून एक काळी फ्रेम चटकन उचलली. हातची फ्रेम त्यांना अंधारातही ओळखू आली असती. "ही. तुझ्या ताईच्या लग्नात नवीन केला, तेव्हा ही काढून ठेवली."

बारकीने ती काकांच्या डोळ्यांवर ठेवली. नाकावर ती बसेना, वरच अडकली. काड्या कपाळात रुतल्या आणि कानांच्या आधीच संपल्या. मोठ्या माणसाने शाळकरी मुलाचा चष्मा लावावा, तशी दिसत होती.

काका हसायला लागले. "बघ, आकसली."

बाबा हसले नाहीत. ते जवळ आले. त्यांनी ती फ्रेम काढली, पुन्हा लावली. अंगठ्याने काडी चाचपली. मग हळूच म्हणाले, "फ्रेम आकसत नसते."

बाबांनी मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं.

आठवड्याच्या आत काका, त्यांची बायको आणि बारकी मोठ्या दवाखान्यात गेले. काकूच म्हणाल्या, "तू चल गं. तिथे काय विचारतील, मला काय सांगता येणार?" नेत्रविभागाने दुसऱ्या मजल्यावर पाठवलं आणि तिथे एका डॉक्टरीणबाईंसमोर ते बसले. त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, पण त्या अंगाने लहानखुऱ्या होत्या आणि घाईत असल्यासारख्या बोलायच्या.

त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं, बारकीने लिहून आणलेले चार शब्द वाचले आणि भलतेच प्रश्न विचारायला लागल्या.

"बूट किती नंबरचे घालता?"

"बूट?" काका गोंधळले.

"दोनदा बदलले," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, चामडं खराब येतंय हल्ली."

"अंगठी?"

"साबण लावून काढली. आता डब्यात आहे."

"घोरतात?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "भिंत हलते, बाई."

बारकी ऐकत होती आणि तिच्या आत एकेक दिवा लागत चालला होता. बूट, अंगठी, घोरणं, घोगरा आवाज, चष्मा. ही सगळी वेगवेगळ्या दुकानांची दुखणी होती. चांभाराने बूट सैल केला, सोनाराने अंगठी सैल केली असती, बाबांनी फ्रेम सैल केली. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं आणि कुणीच माणूस पाहिला नव्हता.

डोक्याचा एक्स-रे आला. मोठ्या बाईंनी तो उजेडाच्या पेटीवर लावला. बारकी न विचारताच जवळ जाऊन उभी राहिली.

"ही खोगिरासारखी जागा दिसते? इथे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंग वाढवायचा हुकूम इथून सुटतो. हिच्यावर गाठ आली की हुकूम थांबत नाही. हात, पाय, जबडा वाढत राहतात. आणि हिच्या अगदी वरून दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. गाठ खालून त्यांना दाबते. म्हणून बाजूचं दिसेनासं होतं."

मागे काय, ते हे होतं. बारकी त्या करड्या चित्राकडे बघत राहिली. लाकडी शेपटीच्या पुढे पितळी स्टँड नव्हता. पुढे एक चौक होता, रस्ते एकमेकांना ओलांडत होते, आणि त्या चौकात बसलेली एक वाटाण्याएवढी वस्तू शेजारच्या दुकानात चिमट्यातून चाक उडवू शकत होती.

तिने विचारलं, ती गाठ काढतात कशी. बाई म्हणाल्या, नाकातून. तिने विचारलं, नाकातून म्हणजे कुठून. मग विचारलं, बोटं पुन्हा बारीक होतात का, नसेवरचा दाब गेला की दिसायला लागतं का, सगळं दिसतं की थोडं, आणि बाहेरचीच बाजू का जाते, आतली का नाही.

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "काय शिकतेस तू?"

"दृष्टितपासणी."

"बाहेर बाकावर माणसं बसलीत. एवढे प्रश्न असतील तर इकडची प्रवेश परीक्षा दे आणि पाच-सहा वर्षं रोज येऊन विचार. माझा जीव खाऊ नकोस." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या हे सहज, वैतागून बोलल्या होत्या. बारकी मात्र जिना उतरली ती पायऱ्यांचंही भान नसल्यासारखी. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि हसू तिच्या तोंडावरून हलत नव्हतं. मग एकदम तिला शेजारच्या काकूंचा चेहरा दिसला आणि ती ओशाळली.

पुढच्या बाकावरून काका वळले. "लपवू नकोस," ते म्हणाले. "माझंही असंच व्हायचं. कुणाचं बापजाद्यांचं घड्याळ बंद पडून यायचं, तो रडकुंडीला आलेला असायचा, आणि मला आत काय बिघडलंय ते सापडलं की नाचावंसं वाटायचं. खूश हो. फक्त दुरुस्त करून दिलं म्हणजे झालं."

सुट्टी संपायच्या आत बारकीने घरात सांगून टाकलं. तिला वैद्यकीय महाविद्यालयात जायचं होतं. पहिल्यापासून सुरुवात करायची होती, तिच्याहून लहान मुलांबरोबर.

"म्हणजे झालेली दोन वर्षं पाण्यात," आत्या म्हणाली.

"पाण्यात कशी? त्याच्यामुळेच तर कळलं."

"चष्म्याचं शिकायला धाडली आणि पोरीचीच नजर फिरली." आत्याने गल्ल्याचा खण जोरात लावला. "आणि आतल्या खोलीत कुणाला बसवायचं? मांजराला?"

बाबा आत गेले आणि नुकताच रंग दिलेल्या खोलीतला आरसा पुसायला लागले. तो स्वच्छच होता. बारकीला त्यांच्या रागाची तयारी होती. या आरसा पुसण्याची नव्हती. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती. पण ते नाही म्हणत नव्हते आणि हो-ही म्हणत नव्हते, आणि त्यांच्या हो-शिवाय ती जाणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

परीक्षा तेवढी देऊ दे, एवढंच तिने मागितलं. बाबांनी मान हलवली. ती त्या नव्या खोलीतच बसून अभ्यास करायची. आरशात उलटा तक्ता सुलटा दिसायचा आणि त्याच्यापुढे ती, मांडीवर प्राणिशास्त्राचं पुस्तक घेऊन. तिने शाळेनंतर सोडून दिलेली सगळी पुस्तकं पुन्हा काढली होती. बेडकाचं हृदय, पानाचं श्वसन, काहीही वाचलं की तिला वाटायचं, आणि याच्या मागे काय? आता हा प्रश्न विचारल्यावर कुणी हसणार नव्हतं. पुस्तकाचं पुढचं पान उलटायचं, की झालं. आत्या दर थोड्या वेळाने दारात यायची. "केस विंचरायचेत, सरक," म्हणायची आणि चहा ठेवून जायची.

संस्थेत जाऊन तिने सरांनाही सांगितलं. सुतळी दाराबाहेर कान लावून उभी होती. सरांनी लाकडी डोळा पुसून कपाटात ठेवला.

"स्टँडच्या मागे चाललीस म्हणायची," ते म्हणाले. "जा. एकच लक्षात ठेव. तिकडे गेल्यावर चष्म्याच्या दुकानातून चिठ्ठी घेऊन कुणी आलं, तर ती नीट वाच. बरेच जण वाचत नाहीत."

बाहेर आल्यावर सुतळीने तिला घट्ट धरलं. "आता मला सकाळी कुणाला उठवायचं?" आणि मग, दोघी रडायच्या बेताला आल्या होत्या म्हणून, "तुझी ती आरशाची खोली मात्र वाया गेली गं. मी असते तर तिथेच अंथरूण टाकलं असतं."

बारकीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनात काही तरी आलं, पण तिने ते तेव्हा बोलून दाखवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेचा निकाल लागला. तिचा नंबर लागला होता. बातमी आणली ती थोरल्या भावाने. तो जहाजावरून रजेवर आला होता आणि परस्पर महाविद्यालयाच्या फलकावर बघून आला होता. आत्याने सगळ्यांसमोर नाक मुरडलं आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावला. बाबा म्हणाले, "छान झालं." आणि काच घासायला बसले.

त्याच आठवड्यात काका दुकानात आले. शस्त्रक्रिया होऊन काही महिने झाले होते. मधल्या काळात ते घरीच होते; बाबा बुद्धिबळाचा पट घेऊन तिकडे जायचे. आज ते पहिल्यांदाच पायरी चढून आले, गल्ल्याला कोपर न लागू देता वळसा घालून आत आले, आणि खुर्चीत बसले.

"चष्म्याची तक्रार आहे," ते म्हणाले.

बाबांचा हात थांबला. आत्याचाही. बारकी आतल्या खोलीतून पुस्तक मिटून बाहेर आली.

"आवळतोय?" बाबांनी विचारलं.

"घसरतोय."

बाबांनी चष्मा काढून पाहिला, पुन्हा लावला. तो काकांच्या नाकावरून खरोखरच खाली आला. बाबांनी वाळूची परात शेगडीवर ठेवली. काडी नरम झाली तेव्हा त्यांनी ती आत वळवली, एवढीशी, नखभर. आणि काकांच्या कानावर ठेवली. मग पुन्हा काढली, पुन्हा वळवली. गरज नसतानाही.

काकांनी बोटात अंगठी घालून आणली होती. ती त्यांनी आत्याला फिरवून दाखवली. "साबणाशिवाय," ते म्हणाले.

"फोडलेले कप तेवढे भरून दे आता," आत्या म्हणाली आणि डोळे पुसले.

काका गेल्यावर बाबा परातीतली वाळू बोटाने सारखी करत बसले.

"चार वेळा सैल केली मी," ते म्हणाले. "आणि प्रत्येक वेळी वाटलं, काय हात आहे आपला. चष्मा आठवूच दिला नाही त्याला."

"बाबा, तुम्हाला कसं कळणार? रोज समोर बसलेला माणूस."

"तुला कळलं."

"मी दहा महिने इथे नव्हते म्हणून."

बाबांनी मान वर केली. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, फ्रेमचं माप घेताना बघत तसे. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नाकाला लावून धरलं तर अक्षर दिसत नाही. मी तुला नाकाला लावून धरत होतो." त्यांनी शेगडी बंद केली. "जा तू. मनापासून सांगतोय. दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस."

बारकीला एकाच वेळी उडी मारावीशी वाटली आणि बाबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिने तिसरंच केलं. "बाबा," ती म्हणाली, "आतल्या खोलीसाठी माझ्याकडे एक मुलगी आहे. माझ्यापेक्षा चांगली. नंबर सांगायला काचसुद्धा लावत नाही."

"जेवते किती?" आत्याने गल्ल्यावरून विचारलं.

"दिसत नाही अंगावर, पण खूप."

"मग येऊ दे. इथे सगळेच माशीएवढं खातात."

महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी बारकी वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसली. शेजारची मुलं तिच्याहून लहान, ओठावर मिसरूड न फुटलेली. शरीररचनेच्या प्राध्यापकांनी एक कवटी टेबलावर ठेवली, तिचं झाकण काढलं, आणि विचारलं, कुणाला काही ओळखता येतंय का. बारकी उठली, पुढे गेली, आणि त्या पांढऱ्या हाडाच्या तळातल्या खोगिरावर बोट ठेवलं. "इथे चौक आहे, सर," ती म्हणाली. वर्ग हसला. पण या वेळी प्राध्यापक म्हणाले, "बरोबर. बस खाली आणि सांग, कुठले रस्ते?"

याला आता पन्नासाच्या घरात वर्षं झाली.

घड्याळकाका म्हातारे होऊन गेले. अखेरपर्यंत बारीक घड्याळं दुरुस्त करत होते आणि बुद्धिबळात बाबांना फसवत होते. जबडा तेवढा रुंदच राहिला; काकू म्हणायच्या, त्यामुळे ते फोटोत रुबाबदार येतात. काकू त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या आणि भिंत हलत नाही म्हणून झोप लागत नाही, अशी तक्रार करायच्या. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी लाकडी डोळा बारकीला पाठवला, स्टँड न देता. मोठ्या बाईंच्या हाताखाली बारकी दोन वर्षं होती. आपण तिला काय म्हणालो होतो ते त्यांना काही केल्या आठवलं नाही, आणि त्या म्हणाल्या, "मी असं सगळ्यांनाच म्हणते. येत कुणी नाही."

आत्या सुतळीशी पहिलं वर्षभर भांडली आणि नंतर तिच्याशिवाय जेवेनाशी झाली. बाबांनी काच घासायचं थांबवलं तेव्हा दुकान सुतळीनेच चालवलं. आजही तिचंच आहे, आणि आरसाही तोच आहे, कडांना काळा पडलेला.

बारकी मेंदूविकारांची डॉक्टर झाली. चष्म्याच्या दुकानातून आलेली चिठ्ठी तिने कधी न वाचता बाजूला ठेवली नाही, आणि त्यातल्या कितीतरी सुतळीच्या अक्षरातल्या होत्या. कारण त्या दुकानात एक पद्धत पडून गेली होती, बाबांनीच घालून दिलेली. कुणी येऊन म्हणालं, चष्मा आवळतोय, की शेगडीला हात लावायचा नाही. आधी त्याचा जुना चष्मा मागायचा, तो घालायला लावायचा, आणि दोन पावलं मागे सरून चेहऱ्याकडे बघायचं.

गेल्या वर्षी बारकी नवीन चष्मा करायला तिथे गेली होती. दोघींचे केस पांढरे. नवा चष्मा डोळ्यांवर चढवून बारकी सहज म्हणाली, "जरा घट्ट होतोय गं कानामागे."

सुतळीने चिमटा खाली ठेवला. "जुना काढ," ती म्हणाली.

बारकीने पिशवीतून जुना चष्मा काढून लावला. सुतळी दोन पावलं मागे सरली, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे नीट बघत राहिली. जुना चष्मा नाकावर व्यवस्थित बसला होता.

"तुझं काही वाढलेलं नाही," ती म्हणाली. "माझाच हात चुकला. आण इकडे."